माझ्या नावाचा होकार

मे लागला की चंदीगडमध्ये बहावा फुलतो. आमच्या सांगली जिल्ह्यात बहावा म्हणजे माळावर किंवा ओढ्याकाठी उभं असलेलं एखादं चुकार झाड. इथे त्याच्या रांगाच्या रांगा आहेत, अख्ख्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. इथली माणसं त्याला अमलतास म्हणतात. सकाळी मोहालीला कामावर जाताना ऑटोतून दिसतं, की झाडणाऱ्या बायकांनी पिवळ्या पाकळ्यांचे ढीग लावलेत आणि त्यांची पाठ वळेपर्यंत मागे पुन्हा सडा पडलाय. ऑटोत शेजारी बसलेल्या मुली हात बाहेर काढून फोटो काढतात. मी काढत नाही. पूर्वी काढायचे. रोज एक फोटो काढून यास्मिनला पाठवायचे.

यास्मिन माझी धाकटी बहीण. घरात यासू.

या पिवळ्या रंगाला मला अजून परीक्षेचा वास येतो. विद्यापीठात एम.एस्सी.चं माझं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये भिंतीएवढे कूलर लावलेले असायचे आणि त्यांतून ओल्या गवताचा वास घेऊन गार वारं यायचं. त्या वाऱ्यानं उत्तरपत्रिका उडायच्या, म्हणून आम्ही मुली बागेतले गुळगुळीत दगड उचलून कंपासपेटीबरोबर आत न्यायचो. पर्यवेक्षिका दगड उलटेपालटे करून बघायच्या, कुणी त्यावर सूत्रं तर लिहिली नाहीत ना. दुपारी पेपर सुटला की बाहेर डोळे दिपवणारं ऊन, गेटवर शिकंजीची, म्हणजे लिंबू सरबताची गाडी, आणि मुल्लानपूरच्या शेतांकडून येणारी वाऱ्यावरची बारीक धूळ. तिकडे गहू नुकताच निघालेला असायचा. एखाद्या संध्याकाळी आभाळ अचानक तपकिरी व्हायचं, आंधी यायची, हॉस्टेलच्या खिडक्या धडाधड आपटायच्या आणि आम्ही दोरीवरचे कपडे गोळा करायला धावायचो. माझी खोलीतली मैत्रीण हरलीन ओरडायची, "ओये, मेरी चुन्नी अंबाले चली गई!"

आणि मग सात वाजता अब्बांचा फोन.

"पेपर कसा गेला बेटा?"

"बरा गेला अब्बा."

"बरा न्हाई, चांगला म्हण. जेवलीस का? डोळ्यावर पाणी मारत जा. आन् हिकडची काळजी करू नको. समदं झकास हाय."

हे रोज. एकही दिवस त्यांनी चुकवला नाही.

अब्बांबद्दल लिहिताना माझा हात अजून अडखळतो. आमचं एस.टी. स्टँडजवळ सीट कव्हरचं दुकान आहे. मोटरसायकल, ट्रॅक्टर, वडाप जीप, सगळ्यांच्या सीटा अब्बा शिवतात. स्वतः सातवीपर्यंत शिकले. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, मुलगे सुद्धा नाहीत. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, आणि जेव्हा चंदीगडला प्रवेश मिळाला तेव्हा अब्बांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. एकजण म्हणाला, "मेहबूबभाई, पोरीची जात, इतक्या लांब?" अब्बा सुई न थांबवता म्हणाले, "लांब कुठं? भारतातच हाय की. पासपोर्ट लागत न्हाई."

ते स्वतः मला सोडायला आले. दोन रात्री रेल्वेत बसून, अम्मीने बांधून दिलेल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही इथे उतरलो. रुंद रस्ते, मोठाले चौक, झाडंच झाडं बघून अब्बा दबक्या आवाजात म्हणाले, "हितं गाव कुठं हाय गं?" हॉस्टेलच्या गेटवरच्या म्हाताऱ्या सरदारजींच्या स्कूटरची सीट फाटली होती. माझे कागद जमा होईपर्यंत अब्बांनी पिशवीतून सुई-दोरा काढून ती शिवून टाकली. "माझी लेक तुमच्या हवाली," एवढंच त्यांना हिंदीत म्हणाले. सरदारजींनी पुढची दोन वर्षं मला "सीटवाले की बेटी" अशी हाक मारली. त्या हाकेचा मला अभिमान होता. मी नमाजानंतर जेव्हा दुआ मागायचे, तेव्हा आधी अब्बांचे आभार मानायचे आणि मग बाकीचं मागायचे. मला वाटायचं, असा बाप आमच्या मोहल्ल्यात एकाच मुलीला मिळाला, आणि ती मी.

हे चूक होतं. मुली दोन होत्या.

यासूला चित्रकलेचं वेड. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत तिला ए ग्रेड. पण तिला फुलं-पक्षी काढण्यात रस नव्हता, ती घरं काढायची. आतून, वरून, छप्पर उचलून बघितल्यासारखी. मी चंदीगडला आल्यावर तिला हे शहर फोनवरून दाखवलं आणि ती येडीच झाली. एक पूर्ण शहर आधी कागदावर काढून मग बांधलंय, ही गोष्ट तिला पटेचना.

"म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं, हितं शाळा, हितं बाजार?"

"हो."

"आन् पोरी कुठनं चालणार, ते पण ठरवलं?"

"ते माहीत नाही. पण इथे पोरी ॲक्टिवावरून फिरतात."

"बुरखा घालून पण चालवतात?"

"मी ओढणी बांधून सायकल चालवते की. कुणी बघत पण नाही."

मग ती म्हणाली, "आपा, मी येणार तिथं. आर्किटेक्चरला." तिला तो शब्द नीट उच्चारता यायचा, कारण तिने त्याचा सराव केला होता. बारावीनंतर प्रवेश परीक्षा द्यायची, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मी अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "बघू की. आधी तुझं हुंदे."

मला 'बघू की' म्हणजे होकार वाटला. अब्बांच्या बाबतीत मला सगळंच होकार वाटायचं.

त्या मे महिन्यात यासूचे फोन येणं बंद झालं. अम्मी म्हणाली, "तिचा मोबाईल बिघडलाय, दुकानात टाकलाय." मी प्रवेश परीक्षेची आठवण करून द्यायला सांगितलं. अम्मी "हां, हां" म्हणाली. माझे पेपर चालू होते, माझं डोकं रसायनांच्या साखळ्यांत अडकलेलं होतं. एका संध्याकाळी अब्बांच्या फोनमागे खूप गलका ऐकू आला. बायकांचे आवाज, ताटांचे आवाज, कुणीतरी लहान मुलाला रागावत होतं.

"अब्बा, एवढा गोंधळ कसला?"

"शेजारी कार्य हाय कुणाचं तरी. तू सांग, पेपर कसा गेला?"

"चांगला गेला."

"शाब्बास माझी वाघीण. झोप आता."

ते कार्य यासूच्या निकाहचं होतं.

मला कळलं ते शेवटचा पेपर झाल्यावर. हरलीन मला ओढून सेक्टर सतराच्या बाजारात घेऊन गेली होती, परीक्षा संपल्याची कुल्फी खायला. चौकातल्या फरशीवर दिवसभराचं ऊन साठलेलं होतं, चपलेतून चटका लागत होता, मुलं फुगे घेऊन पळत होती. मी सहज फोन उघडला. फुफीने, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, स्टेटसवर फोटो ठेवला होता. लाल ओढणीतली यासू, खाली बघणारी. वर लिहिलं होतं, माशाअल्लाह. मला आधी वाटलं, कुणाच्या तरी लग्नात नटलीय. मग नाकातली नथ आणि गळ्यातला लच्छा दिसला. आमच्याकडे तो काळ्या मण्यांचा लच्छा नवऱ्याकडूनच येतो.

हरलीन विचारत राहिली, "क्या हुआ यार?" माझ्या हातातली कुल्फी कोपरापर्यंत ओघळली. मी अब्बांना फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही.

दुसऱ्यांदा उचलला. "स्थळ चांगलं होतं बेटा. पोरगा कुवेतला एसीच्या कामावर हाय. सुट्टी कमी होती त्याची. तुला सांगितलं असतं तर तुझं पेपर बिघडलं असतं."

"आणि तिचे?"

"तिची बारावी झाली की. अठरा पण पूर्ण झाली. आता कायद्याचं पण काही म्हणणं न्हाई."

कायद्याचं म्हणणं नव्हतं. धर्माचंही नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल. बाहेरच्या लोकांना वाटतं, आमच्यात मुलीला विचारतच नाहीत. उलट आहे. निकाहाआधी मुलीचा वकील आणि दोन साक्षीदार बायकांत येतात, मुलाचं नाव सांगतात, मेहर सांगतात आणि तिला विचारतात, कबूल आहे का? तिने हो म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही. बापालाही तो होकार टाळता येत नाही. लहानपणी मदरशात हे शिकवलं तेव्हा मला केवढं भारी वाटलं होतं. सगळा मांडव बाहेर थांबलाय आणि आत एक मुलगी ठरवतेय! पण मुलगी लाजून गप्प राहिली, तर तेही हो धरतात. आणि ती गप्पही राहिली नाही, तर काय करतात, ते मला फुफीकडून कळलं.

मी घरी पोचले तेव्हा फुफी अम्मीबरोबर कांदे निवडत बसली होती. मला बघून तिला मनापासून आनंद झाला. तिने कौतुकाने सांगितलं, "अगं, तुझ्या बहिणीचा तुझ्यावर काय जीव! वकील म्हणून भाईच आत आले. तीनदा विचारलं तर पोरगी तोंड उघडेना. मान पण हलवेना. बायका म्हणाल्या, रडतीय, हो धरा. तर ही चक्क बोलली. आपाला माहीत हाय का, म्हणे! भाई म्हणाले, आपानंच तर हो म्हटलंय, तिच्याच पसंतीनं करतोय. बास्स. लगेच मान हलवली. शिकलेल्या बहिणीचा शब्द गं!"

अम्मी कांद्यावरून नजर उचलेना.

त्या क्षणी मला काय वाटलं, हे मी चार वर्षं नीट मांडायचा प्रयत्न करतेय. राग नंतर आला. आधी असं वाटलं, की कुणी माझा आवाज काढून नेला आणि दुसऱ्या खोलीत माझ्या बहिणीवर वापरला. मी शिकले, म्हणून माझ्या शब्दाला घरात वजन आलं होतं. ते वजन मी यासूसाठी राखून ठेवलं होतं. अब्बांनी तेच उचलून तिच्या मानेवर ठेवलं, तेव्हा ती मान हलली.

दुकानात जाऊन मी अब्बांसमोर उभी राहिले. ते एका बुलेटची सीट ताणत होते.

"मी हो कधी म्हटलं, अब्बा?"

त्यांनी खिळे तोंडातून काढले. "म्हणाली नसतीस, माहीत होतं."

"मग?"

"मग काय? तुला धाडताना मोठ्या अब्बांना शब्द दिला होता. समदी अंगावर आलती माझ्या. एकीला मी माझ्या मनानं शिकवतो, दुसरीचं तुमच्या मनानं करतो, असं बोललो तेव्हा गप बसली. तू उगीच गेलीस व्हय चंदीगडला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला काय कमी केलं मी? सांग. तुझं तर चांगलंच बघितलं."

मोठे अब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. त्यांच्या ओसरीवर हा व्यवहार झाला होता आणि मी दोन वर्षं इथे, या झाडांखाली, अब्बांसाठी दुआ मागत होते. मला कुणी सांगितलं असतं, की तुझ्या हॉस्टेलच्या खोलीच्या बदल्यात यासूची चित्रांची वही मिटणार आहे, तर मी गेले असते का? मी रात्ररात्र स्वतःला विचारलंय. उत्तर सापडत नाही, आणि ते मी शोधायचं नव्हतंच, कारण मला विचारलंच नव्हतं. आमच्या घरात दोन मुलींचं आयुष्य ठरलं आणि दोघींचा होकार परस्पर देऊन टाकला गेला.

यासूला भेटायला मी अम्मीबरोबर तिच्या सासरी, जयसिंगपूरला गेले. तिने पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात सरबत आणलं, ट्रेमध्ये, वर जाळीचा रुमाल टाकून. आम्ही दोघी आयुष्यभर एका तांब्यातून पाणी प्यायलो होतो. तिची सासू बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "यासू, मला काही माहीतच नव्हतं. मी हो म्हटलं नाही."

ती सरबतातला सब्जा चमच्याने ढवळत राहिली. "आता तू असंच म्हणणार ना, आपा."

"अल्लाची शपथ."

"अब्बांनी पण तसंच शपथेवर सांगितलं. दोघांतलं एक खोटं बोलतंय. आन् मला दोघांसंगट जगायचंय." ट्रे उचलून ती उठली. "बिस्किटं घे. तुला लांब जायचंय."

अम्मी शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं, की तू सांग. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढे कितीतरी वेळा मी अब्बांना म्हटलं, यासूला खरं काय ते तुम्ही सांगा. त्यांचं उत्तर ठरलेलं, "बापाला पोरीसमोर खोटा पाडणार व्हय तू? ह्याच्यासाठी शिकवलं?"

बारावीचा निकाल लागला तेव्हा यासू कॉलेजात पहिली आली होती. अब्बा पेढे घेऊन तिच्या सासरी गेले.

मी चंदीगडला परतले. मोहालीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. इथे आपल्याकडच्या एक देशपांडेकाकू आहेत, काकांची केंद्र सरकारची बदलीची नोकरी. मे महिन्यात त्या मला आमरसाला बोलावतात. देवगडचा हापूस इथे मिळणं कठीण, पण काकू कुठून तरी पेटी मिळवतात. एकदा राहवलं नाही आणि मी सगळं त्यांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाल्या, "तुमच्यात हे असंच असतं ना गं?"

पुरीचा घास माझ्या तोंडात फिरायला लागला. माया खरी होती, आणि 'तुमच्यात'ही खरंच होतं. मी काय बोलणार होते? आमच्यात हे आहेच. मोहल्ल्यातल्या मुली हुशार असूनही बारावीनंतर दिसेनाशा होतात, त्यांचे भाऊ नापास झाले तरी त्यांना दुसरी, तिसरी संधी मिळते. हे मी उघड बोलले की घरचे म्हणतात, आमची लाज बाहेर काढलीस. आणि बाहेरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? दोन्हीकडे यासूबद्दल कुणी बोलतच नाही.

काकूंची मुलगी सोनल तिथेच पाय वर घेऊन बसली होती. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. ती म्हणाली, "मम्मा, आपका भी तो सेकंड इयर में छुड़वा दिया था ना? शादी के लिए?"

काकू म्हणाल्या, "ते वेगळं होतं."

"कैसे अलग था?"

काकूंनी मला आणखी रस वाढला.

यासू आता एका मुलीची आई आहे. नवरा वाईट माणूस नाही, वर्षातून एकदा येतो, तिला चांगलं वागवतो. सासरचा वरचा मजला बांधताना गवंड्याने जिना तिला विचारूनच काढला, असं अम्मी सांगते. ईदला आम्ही भेटतो. ती हसते, वाढते, माझ्या नोकरीची चौकशी करते. चार वर्षांत तिने मला स्वतःहून एकदाही फोन केलेला नाही. अब्बा अजून रोज करतात. मी अजून उचलते. त्यांचा आवाज ऐकला की आधी बरं वाटतं आणि मग लगेच या बरं वाटण्याची चीड येते. कृतज्ञता ही फार चिवट वस्तू आहे. विश्वास गेला तरी ती जात नाही, घरात परक्यासारखी बसून राहते.

या मे महिन्यातही अब्बांचे फोन चालू होतेच. उन्हाळा कसा आहे, कूलर लावला का, ताक पीत जा. परवा म्हणाले, "फुफीच्या शिफाला स्थळ आलंय. बघू की." मी विचारलं, "शिफाचं बी.एस्सी. व्हायचंय ना अजून?" ते म्हणाले, "हां, ते बी हाय."

काल दुपारी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मी डबा खात होते. बाहेर उन्हात ते पिवळे झुबके निश्चल लोंबत होते. फोन वाजला. शिफा.

"आपा, कामात हाय का तू?"

"नाही गं. बोल."

"एक विचारायचं होतं." मग तिने एका दमात विचारून टाकलं. "पाहुणं आल्यात. मामू म्हणाले, तुला विचारलंय, तुला स्थळ पसंत हाय. तू हो म्हणालीस, असं. खरं हाय का?"

डब्याचं झाकण माझ्या हातातून निसटून फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. म्हणजे पुन्हा. तोच मे, तेच 'ताक पीत जा', आणि मागच्या खोलीत पुन्हा माझा आवाज.

"तुला मला फोन करायला कुणी सांगितलं, शिफा?"

"यासूआपानं. ती म्हणाली, आपाच्या तोंडून ऐकल्याबिगर मान हलवू नको. अब्बा काही पण सांगू देत."

चार वर्षं मी शपथा घेत होते, आणि ती कधीतरी, मला न सांगता, माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती.

"आपा? हाय का तू? ती हितंच हाय. ती म्हणतीय, फोन स्पीकरवर टाक."

"टाक," मी म्हटलं.

खोलीचा आवाज आला. पंखा, बांगड्या, कुणाचं तरी खाकरणं. ते खाकरणं मी झोपेतही ओळखीन.

"मला कुणी काही विचारलेलं नाही," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "मी या स्थळाला हो म्हटलेलं नाही. शिफाला काय हवंय ते तिला विचारा, आणि ती काय म्हणते ते ऐका. आणि यासूच्या वेळीही मी हो म्हटलं नव्हतं. तेव्हाही मला विचारलं नव्हतं."

पंखा फिरत राहिला. मग फोनच्या अगदी जवळून, शांतपणे, यासूचा आवाज आला.

"ऐकलंत, अब्बा?"

मग अब्बा बोलले. तोच मऊ, काळजीचा, रोज सात वाजताचा आवाज.

"बेटा, तू कामावर असशील. ठेव आता फोन. सांजच्याला बोलू."

मी फोन ठेवला नाही.